कोरियाच्या मुक्तीनंतरच्या कलाप्रदर्शनांविषयी आपल्या गावात प्रदर्शन कसे भरवावे

१५ ऑगस्ट १९४५ रोजी जपानने शरणागती जाहीर केली आणि १९१० पासून कोरियावर असलेली जपानी राजवट संपली. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये सोलच्या दॉकसुगुंग राजवाड्यात तिथल्या चित्रकारांनी मुक्तीनिमित्त चित्रप्रदर्शन भरवले आणि ३ डिसेंबरला राष्ट्रीय संग्रहालयाचे दरवाजे लोकांसाठी उघडले. या वेळी कोरियाला स्वतःचे सरकार नव्हते. दक्षिणेत अमेरिकी आणि उत्तरेत सोव्हिएत लष्कराचा अंमल होता आणि कोरिया प्रजासत्ताकाची स्थापना व्हायला आणखी जवळजवळ तीन वर्षे लागायची होती. सरकार येण्याआधी ज्या देशाने प्रदर्शन भरवले त्या देशाची गोष्ट आपल्याकडच्या वाचनालयात, शाळेच्या सभागृहात किंवा नाट्यगृहाच्या दालनात सांगता येते, आणि ती थोड्या खर्चात नीटपणे कशी सांगावी हे या लेखात लिहिले आहे.

विषय निवडताना पहिली अडचण येते ती पसाऱ्याची. कोरियाची संस्कृती म्हटले की हानबोक हा पारंपरिक पोशाख, किमची हे लोणचे, हांगुल लिपी, मुखवट्यांचा नाच आणि हल्लीची गाणी असे सगळे एका खोलीत कोंबण्याचा मोह होतो. तो मोह टाळावा. आपल्या प्रदर्शनाचा विषय कोरियातल्या सुंदर वस्तू हा नसून, परकी सत्ता गेल्यावर एका समाजाने कोणत्या वस्तू ‘आपल्या’ म्हणून पुढे मांडल्या आणि त्या कोणापुढे मांडल्या, हा आहे. एवढे एक सूत्र पक्के धरले की काय घ्यायचे आणि काय सोडायचे हे आपोआप ठरत जाते. किमची कितीही प्रिय असली तरी ती या प्रदर्शनात बसत नाही. १९५७ मध्ये परदेशातल्या प्रदर्शनासाठी जहाजावर चढलेली बोधिसत्त्वाची मूर्ती मात्र बसते.

हे सूत्र भिंतीवर उतरवण्याची एक सोपी रीत मी सुचवतो. प्रत्येक चित्राखालच्या परिचयपट्टीवर दोन तारखा लिहाव्यात: वस्तू घडली केव्हा, आणि ती राष्ट्राची म्हणून मांडली गेली केव्हा. बहुतेक प्रदर्शनांत फक्त पहिली तारीख असते, आणि त्यामुळे पाहणाऱ्याला वाटते की ही वस्तू जन्मापासूनच काचेच्या कपाटात, राष्ट्राच्या नावाखाली उभी आहे. दुसरी तारीख लिहिली की तो थांबतो. या दोन तारखांमध्ये कधी पंधराशे वर्षांचे अंतर असते आणि कधी एकाच वर्षाचे, आणि प्रदर्शनाचा खरा आशय त्या अंतरातच असतो.

काळ आणि जागा

आपला आणि कोरियाचा स्वातंत्र्याचा दिवस एकच, त्यामुळे १५ ऑगस्टला उद्घाटन करावे असे प्रत्येकाच्या मनात येते. आपल्या कोकणात, उदाहरणार्थ रत्नागिरीत, वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, हे लक्षात घेता मी तसे करू नये असे म्हणेन. एका वर्षी आम्ही ऑगस्टमध्ये प्रदर्शन मांडले तेव्हा तिसऱ्या दिवशी सनबोर्डांना बाक आला, कडा सुटल्या आणि जांभ्याच्या भिंतीला टेकवलेल्या चित्रांमागे बुरशीचे ठिपके उमटले. त्यानंतर गणपतीची धांदल सुरू झाली आणि पाहायला कोणी उरले नाही. १५ ऑगस्टचा आग्रहच असेल तर त्या दिवशी झेंडावंदनानंतर एक तासाचे सचित्र व्याख्यान ठेवावे आणि प्रदर्शन पुढे न्यावे.

९ ऑक्टोबर हा दक्षिण कोरियात हांगुल दिन म्हणून पाळला जातो. तोवर पाऊस ओसरत आलेला असतो, पण जमिनीतली ओल गेलेली नसते. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत निर्धोक. ३ डिसेंबर ही राष्ट्रीय संग्रहालय उघडल्याची तारीख उद्घाटनासाठी घेतली तर हवा, शाळांचे वेळापत्रक आणि विषय या तिन्ही गोष्टी जुळतात.

जागेसाठी शंभर ते दीडशे चौरस मीटरचे एक दालन पुरते. भिंत जांभ्याची असो वा चिऱ्याची, तिच्यावर काहीही थेट चिकटवू नये. भिंतीपासून चार बोटे अंतर सोडून प्लायवूडचे उभे पडदे उभारावेत, म्हणजे मागून हवा खेळते. सनबोर्ड वापरायचाच असेल तर तो निदान पाच मिलिमीटर जाडीचा घ्यावा आणि मागून लाकडी पट्टी लावावी. टांगण्यासाठी बाजारात मिळणारी जाड तंगूस, म्हणजे मासेमारीची नायलॉनची दोरी, उत्तम. ती दिसत नाही आणि गंजत नाही. चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे १४५ सेंटिमीटरवर यावा. शाळकरी मुले जास्त येणार असतील तर तो १३० वर आणावा आणि मोठ्यांनी किंचित वाकावे.

ज्यांना शक्य असेल त्यांनी उद्घाटनापूर्वी आपल्या स्वयंसेवकांना रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यात एकदा न्यावे. ब्रह्मदेशाच्या राजाला १८८५ मध्ये पदच्युत करून इंग्रजांनी पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणले, आणि त्याच्यासाठी बांधलेला हा वाडा १९१० साली, म्हणजे ज्या वर्षी कोरिया जपानी साम्राज्याला जोडला गेला त्याच वर्षी, पूर्ण झाला. आज तिथे संग्रहालय आहे. सत्तेने बांधलेली इमारत पुढे संग्रहालय होते तेव्हा भिंती तशाच राहतात आणि अर्थ बदलतो, हे त्या दालनांतून फिरताना जितके कळते तितके व्याख्यानातून कळत नाही.

चित्रे कुठून आणावीत

मूळ कलाकृती आपल्याकडे येणार नाहीत. आपण छापील प्रतिमा लावणार आहोत, आणि त्यात काही कमीपणा नाही. अट एवढीच की त्या चोरलेल्या नसाव्यात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ पासून आणि क्लीव्हलँड कलासंग्रहालयाने २०१९ पासून मुक्त वापराच्या प्रतिमा उपलब्ध केल्या आहेत, आणि दोन्हीकडे कोरियन मातीकाम व चित्रे आहेत. कोरियातल्या सरकारी संस्था ‘गोंगगोंग नूरी’ नावाच्या परवान्याखाली प्रतिमा देतात. त्याचे चार प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात केवळ स्रोताचा उल्लेख पुरतो, बाकीच्यांत व्यापारी वापरावर किंवा बदलावर बंधने आहेत. प्रत्येक प्रतिमेचा परवाना उतरवून घेतल्याशिवाय ती छापखान्यात पाठवू नये.

आधुनिक चित्रकारांच्या बाबतीत अधिक सावध राहावे. भारतात कलावंताच्या निधनानंतर ६० वर्षे आणि कोरियात ७० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. चित्रकार ली जुंग-सप १९५६ मध्ये वारला, त्यामुळे त्याची चित्रे वापरण्यात भारतात अडचण नाही. किम ह्वान-गी १९७४ मध्ये वारला, म्हणून त्याच्या चित्रांसाठी परवानगी हवी. परवानगी मिळेपर्यंत त्या जागी चित्राचे शब्दांत वर्णन लावावे. दिल्लीतले कोरियन सांस्कृतिक केंद्र आणि मुंबईतला कोरियाचा वाणिज्य दूतावास यांना निदान तीन महिने आधी मराठीत व इंग्रजीत पत्र पाठवावे, आणि पत्रात प्रदर्शनाचा उद्देश, जागा, दिवस व प्रवेश विनामूल्य असल्याचे स्पष्ट लिहावे.

छपाईचा हिशोब सोपा आहे. ए-३ आकाराची प्रत स्वच्छ यायची असेल तर प्रतिमा सुमारे ३५०० गुणिले ४९५० बिंदूंची हवी. त्याहून लहान असेल तर आकार कमी करावा, ताणू नये. चकचकीत फ्लेक्सवर मातीकामाच्या रंगछटा मरतात आणि दिव्याचा झोत डोळ्यात येतो, म्हणून मॅट कागद घ्यावा.

मांडणीचा क्रम

प्रवेशाशी एकच इमारत ठेवावी. सोलच्या ग्योंगबोकगुंग राजवाड्याच्या आवारात १९१५ साली जपानी राजवटीने आपल्या पाच वर्षांच्या कारभाराचा गौरव करण्यासाठी मोठे औद्योगिक प्रदर्शन भरवले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिथेच गव्हर्नर-जनरलचे संग्रहालय सुरू झाले. १९४५ मध्ये राष्ट्रीय संग्रहालय उभे राहिले ते याच संग्रहालयाचा वारसा ताब्यात घेऊन. राजवाड्याच्या सिंहासनगृहापुढे १९२६ मध्ये पूर्ण झालेली गव्हर्नर-जनरलची प्रचंड कचेरी १९८६ पासून राष्ट्रीय संग्रहालय म्हणून वापरली गेली, आणि मुक्तीच्या पन्नासाव्या वाढदिवशी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, तिच्या घुमटाचा कळस उतरवून ती पाडायला सुरुवात झाली. सध्याचे संग्रहालय २००५ पासून योंगसान भागात आहे. या एका जागेची चार छायाचित्रे ओळीने लावली, तर येणारा माणूस पहिल्या दोन मिनिटांत विषयात शिरतो.

दुसरा भाग भाषेचा ठेवावा, कारण मराठी माणसाला तो पटकन भिडतो. कोरियन भाषेचा कोश तयार करणाऱ्या मंडळाच्या सदस्यांना १९४२ मध्ये अटक झाली आणि हस्तलिखित जप्त झाले. मुक्तीनंतर, सप्टेंबर १९४५ मध्ये, ती हस्तलिखिते सोल रेल्वे स्थानकाच्या गोदामात सापडली, आणि कोशाचा पहिला खंड १९४७ च्या हांगुल दिनी निघाला. त्याशेजारी १४४६ च्या ‘हुनमिनजॉंगउम’ या लिपीविषयक ग्रंथाची प्रतिमा लावावी. त्याची मूळ स्पष्टीकरणासह असलेली प्रत १९४० मध्ये उजेडात आली आणि संग्राहक जॉन ह्यॉंग-पिल यांनी ती विकत घेऊन मुक्तीपर्यंत लपवून ठेवली. इथे मोडी लिपीतले आपल्या घरातले एखादे जुने पत्र काचेखाली ठेवायला हरकत नाही, पण मोडीचा आणि हांगुलचा इतिहास सारखा आहे असे पट्टीवर लिहू नये, कारण तो सारखा नाही.

तिसऱ्या भागात उत्खनन. मे १९४६ मध्ये नव्या राष्ट्रीय संग्रहालयाने ग्योंगजू या जुन्या राजधानीत एक थडगे खणले. कोरियन लोकांनी स्वतः हाती घेतलेले हे पहिले शास्त्रीय उत्खनन. मात्र तंत्राची माहिती असलेल्या एका जपानी पुरातत्त्वज्ञाला त्यासाठी मुद्दाम थांबवून घेतले होते. थडगे शिल्ला या प्राचीन राज्यातले, आणि आत निघालेल्या काशाच्या वाडग्यावर गोगुर्यो या दुसऱ्या राज्याच्या ग्वांगगेतो राजाचे नाव कोरलेले. हा प्रसंग मला सगळ्या प्रदर्शनात सर्वांत मोलाचा वाटतो. परक्यांच्या हातून शिकलेल्या विद्येनेच आपला इतिहास आपल्या हाती घ्यावा लागतो, ही अवघड गोष्ट त्या एका वाडग्यात आहे, आणि ती लपवण्याऐवजी मोठ्या अक्षरांत लिहावी. याच ठिकाणी शिल्लाच्या सुवर्णमुकुटाची प्रतिमा लावून, तो १९२१ मध्ये जपानी अमलाखाली सापडला हेही नोंदवावे.

चौथा भाग चित्रकारांचा, आणि त्याला सर्वांत मोठी भिंत द्यावी. १९२२ ते १९४४ या काळात गव्हर्नर-जनरलच्या कचेरीतर्फे दरवर्षी ‘सॉनजॉन’ हे स्पर्धात्मक प्रदर्शन भरत असे. मुक्तीनंतर १९४९ मध्ये नव्या प्रजासत्ताकाने ‘गुकजॉन’ हे राष्ट्रीय कलाप्रदर्शन सुरू केले, कोरियन युद्धामुळे ते तीन वर्षे खंडित झाले आणि १९८१ पर्यंत त्याची तीस प्रदर्शने भरली. नाव बदलले, झेंडा बदलला, पण सरकारने परीक्षक नेमायचे आणि बक्षिसे द्यायची हा ढाचा पुष्कळसा तसाच राहिला. दोन्ही प्रदर्शनांची माहिती एकाच पडद्यावर समोरासमोर लावली की पाहणारा प्रश्न विचारू लागतो, आणि मार्गदर्शक स्वयंसेवकाने त्याला घाईने उत्तर देऊ नये.

याच भिंतीवर चित्रकार ली क्वे-देची ओळख द्यावी. मुक्तीनंतरच्या काळात त्याने माणसांच्या झुंडींची मोठी तैलचित्रे काढली. त्यात दुःख, धक्काबुक्की आणि आशा एकत्र आहेत. युद्धात तो कैदी झाला आणि १९५३ मध्ये त्याने उत्तरेकडे जाणे निवडले. त्यानंतर १९८८ पर्यंत दक्षिणेत त्याचे नाव आणि काम दडपलेले राहिले. म्हणजे त्याच्या पट्टीवर दुसरी तारीख १९८८ नंतरची येते. ली जुंग-सपने निर्वासितांच्या छावण्यांच्या काळात सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदावर टोकदार वस्तूने रेषा कोरून चित्रे केली. त्याचे बैल आज कोरियात प्रत्येक मूल ओळखते. पाक सू-गनने बाजारात बसलेल्या, डोक्यावर ओझे घेतलेल्या बायका रंगवल्या, आणि त्याच्या रंगाचा पृष्ठभाग ग्रॅनाइटसारखा खरखरीत आहे. मच्छीबाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या आपल्या बायका पाहत वाढलेल्या मुलांना ही चित्रे समजावून सांगावी लागत नाहीत.

युद्धाचा भाग लहान ठेवावा. २५ जून १९५० ते २७ जुलै १९५३ एवढी तारीख, बुसानला हलवलेला राष्ट्रीय संग्रहालयाचा संग्रह, आणि जॉन ह्यॉंग-पिल यांचा संग्रह उत्तरेकडे नेण्यासाठी बांधण्याचा हुकूम उत्तर कोरियाकडून मिळाल्यावर चे सून-उ या संग्रहालय कर्मचाऱ्याने वस्तू पुन्हापुन्हा मोजत, खोके बदलत काढलेला वेळ. मराठी वाचकासाठी एक ओळ जोडावी: शस्त्रसंधीनंतर कैद्यांची देखरेख करणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात हे कोल्हापूर जिल्ह्यातले होते.

शेवटचा भाग परदेशी प्रवासाचा. डिसेंबर १९५७ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत कोरियन कलेच्या निवडक ठेव्याचे प्रदर्शन सुरू झाले आणि अमेरिकेतल्या आठ शहरांतून फिरले. नंतर १९६१ व १९६२ मध्ये असाच ठेवा लंडन, पॅरिस आणि युरोपातल्या इतर शहरांत गेला. १९७९ मध्ये सान फ्रान्सिस्कोहून निघालेल्या प्रदर्शनाचे नावच ‘पाच हजार वर्षांची कोरियन कला’ असे होते. नुकत्याच होरपळलेल्या, जगाला केवळ युद्धाच्या बातम्यांतून माहीत झालेल्या देशाने आपला प्राचीनपणा इतक्या ठामपणे का सांगितला असेल, हा प्रश्न इथे लिहावा. आपलीही आठवण शेजारी ठेवावी: भारतीय कलेचे प्रदर्शन १९४७-४८ च्या हिवाळ्यात लंडनमध्ये भरले, त्याच वस्तू पुढे दिल्लीत मांडल्या गेल्या आणि १५ ऑगस्ट १९४९ रोजी त्यातूनच आपले राष्ट्रीय संग्रहालय सुरू झाले.

या सगळ्यात उत्तर कोरियाचे काय, हे कोणीतरी विचारेलच. आपली बहुतेक साधने दक्षिणेकडची आहेत, हे प्रवेशाच्या फलकावर आधीच लिहून टाकावे आणि ९ सप्टेंबर १९४८ रोजी उत्तरेत वेगळे राज्य स्थापन झाल्याची नोंद करावी. ‘कोरिया’ असे म्हणताना आपण कोणता भाग म्हणतो, हे प्रत्येक पट्टीवर नेमके असावे.

पट्टी कशी लिहावी

नमुन्यासाठी चंद्रकुंभ घ्या. जोसॉन राजघराण्याच्या काळातला हा पांढऱ्या पोर्सेलीनचा मोठा गोल रांजण. दोन अर्धगोल वेगवेगळे घडवून पोटाशी जोडतात, म्हणून त्याची कड किंचित वाकडी राहते. पट्टी अशी लिहिता येईल: ‘चंद्रकुंभ. पांढरी पोर्सेलीन, अठरावे शतक. त्या काळी साठवणीचे भांडे. १९५० च्या दशकात किम ह्वान-गीसारख्या चित्रकारांनी तो पुन्हापुन्हा रंगवला आणि तो कोरियन सौंदर्याची खूण ठरला.’ एवढे पंचवीसेक शब्द पुरेत. पन्नास शब्दांच्या वर गेलेली पट्टी उभ्याने कोणी वाचत नाही. अक्षर निदान २४ पॉइंटचे असावे, आणि कोरियन नावे देवनागरीत एकाच पद्धतीने लिहावीत. एका फलकावर ‘सेऊल’ आणि दुसऱ्यावर ‘सोल’ असे होऊ नये. आडनाव आधी येते, हे स्वयंसेवकांना सांगून ठेवावे.

या रांजणाजवळ जमल्यास एखाद्या कुंभारदादांना एक दिवस बोलवावे. आपल्या मातीतून पोर्सेलीन होणार नाही, पण चाकावरचे दोन अर्धे ओले असताना जोडायचे कसे आणि जोड का उकलतो, हे ते हाताने दाखवू शकतात. पिंगुळीची चित्रकथी (कथा सांगताना दाखवायची चित्रे) किंवा सावंतवाडीची गंजिफा (हाताने रंगवलेले खेळाचे पत्ते) यांच्या मूळ वस्तू मांडणार असाल तर त्यांच्यावर प्रकाश ५० लक्सच्या वर जाऊ देऊ नये, काचेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, आणि त्यांच्याही पट्टीवर दोन तारखा लिहाव्यात: चित्र केव्हाचे, आणि सरकारी फलकांवर ‘कोकणची कला’ म्हणून ते केव्हापासून झळकू लागले. दुसरी तारीख शोधताना गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे लागेल, आणि ती चौकशी मुलांकडून करून घ्यावी.

वीज जाईल असे गृहीत धरून इन्व्हर्टरवर निदान अर्धे दिवे घ्यावेत. अभिप्रायवहीत फक्त ‘छान’ असे लिहून घेण्यापेक्षा वहीच्या प्रत्येक पानावर एक प्रश्न छापावा: ‘तुमच्या घरातली कोणती वस्तू तुम्ही या भिंतीवर लावाल?’ समारोपानंतर पडदे मोडावेत, पण चित्रे फेकू नयेत. बुरशी टाळण्यासाठी ती प्लास्टिकऐवजी जुन्या सुती साड्यांत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवावीत आणि चिपळूण, देवरुख, मालवण, कुडाळ अशी शाळांमधून फिरवावीत. पेटी पुढच्या गावी पाठवण्यापूर्वी प्रत्येक चित्राच्या मागे पेन्सिलीने आपल्या गावाचे नाव आणि मांडल्याचे दिवस लिहावेत.